आधी रविवार मोकळा करा

मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर. दोन मुलांच्या आईने त्याची तयारी करायची तर पहिल्यांदा बूट विकत घ्यायचे नसतात, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढायचं असतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून वीस आठवडे मागे मोजत या, ऑगस्टची अखेर येते. म्हणजे गणपती, गौरी, नवरात्र, सहामाही परीक्षा, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार हे सगळं तयारीच्या काळात, आणि शर्यतीच्या ऐन तोंडावर संक्रांत. इंटरनेटवर मिळणाऱ्या वीस आठवड्यांच्या तक्त्यांत यातलं काहीच नसतं. ते तक्ते अशा माणसासाठी केलेले असतात ज्याला रविवारी सकाळी चार तास कुणी हाक मारत नाही.

मी ठाण्यात राहते, नोकरी करते, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर धावायला लागले. माझा वेग कुणाला सांगावा असा नाही. पण मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावून, दुसऱ्या दिवशी डबे करून कामावर गेलेली बाई म्हणून जे कळलं, ते इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते. तुम्ही आत्ता अजिबात धावत नसाल तर येता जानेवारी तुमचा नाही, त्याच्या पुढचा आहे. आधी रोज अर्धा तास भरभर चालणं, मग न थांबता अर्धा तास धावणं, मग 10 किलोमीटरची एखादी शर्यत, मग 21 किलोमीटरची हाफ. पावसाळ्यात ठाण्याची वर्षा मॅरेथॉन असते, डिसेंबरात वसई-विरारची. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सुंदर आहे, पण यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत उतरायचं असतं. पहिली हाफ म्हणून ती घेऊ नका. हाफ अंगावर न येता पार पडली की मगच पूर्ण मॅरेथॉनचा अर्ज भरा. अर्ज भरताना आधीच्या शर्यतीच्या वेळेची अट असू शकते, तेव्हा त्या वर्षीचे नियम नीट वाचा आणि प्रमाणपत्रं जपून ठेवा.

अंगाची तपासणी

बाळंतपणानंतर धावायला कधी लागायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी 2019 मध्ये यावर एक मार्गदर्शिका काढली. तिचं म्हणणं, बाळंतपण कसंही झालेलं असो, निदान तीन महिने तरी धावू नये. आणि तीन महिने झाले म्हणून लगेच सुटू नये, आधी अंग तयार आहे का ते तपासावं. यातल्या बऱ्याच परीक्षा घरी करता येतात: अर्धा तास सलग चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर थोडं खाली बसून उठणं, प्रत्येक पायावर दहा वेळा, जागच्या जागी एक मिनिट धावणं, एका पायावर दहा उड्या, मग दुसऱ्यावर दहा. हे करताना दुखलं, ओटीपोटात जड वाटलं, खाली काहीतरी ओढल्यासारखं झालं किंवा लघवी गळली, तर अजून वेळ आहे.

लघवी गळण्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण बायका एकमेकींत त्यावर हसतात आणि डॉक्टरला सांगत नाहीत. उडी मारली, शिंक आली, उतारावर वेग घेतला की थोडीशी गळते. 'दोन मुलं झाल्यावर चालायचंच,' असं सख्खी बहीणही म्हणते. हे सर्रास आढळतं हे खरं, पण त्यावर उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू आहेत ते आवळायचे आणि सोडायचे, दोन्ही शिकावं लागतं. मूलबंध ज्यांनी केला आहे त्यांना आवळणं लगेच समजतं. सोडणं मात्र अनेकींना जमत नाही, आणि स्नायू सतत आवळून धरले तरी लघवी गळतेच. महिनाभर घरी करून फरक पडला नाही तर या विषयातली फिजिओथेरपिस्ट गाठा. मोठ्या शहरांत त्या आता मिळतात. पॅड लावून वर्षानुवर्षं धावत राहणं हा उपाय नव्हे.

सिझेरियन झालेलं असेल तर टाक्यांच्या जागेची कातडी मोकळी हलते का, ते डॉक्टरांना दाखवा. अंगावर पाजत असाल तर पाजून झाल्यावर लगेच धावायला निघा, छाती हलकी असते आणि बाळही तासभर गप्प राहतं. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही की त्याचा कस जात नाही. घरातल्या मोठ्यांना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. सुनेच्या तोंडून ते पटत नाही.

दुसरी तपासणी रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. तेव्हा 'मला दमच पुरत नाही' असं वाटणाऱ्या बाईने तक्ता बदलण्याआधी हिमोग्लोबिन बघावं. 12 च्या खाली असेल तर आधी त्याचा उपचार. हिमोग्लोबिन बरं असूनही थकवा जात नसेल तर फेरिटिन करून घ्या, साठवणीचं लोह त्यात कळतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर ती चांगली लागू पडते. सोबत थायरॉइड, रक्तदाब, साखर, आणि चाळिशीपुढे असाल किंवा घरात कुणाला लवकर हृदयविकार झालेला असेल तर डॉक्टर सांगतील त्या हृदयाच्या तपासण्या. या तपासण्या बाईच्या जिवाला हे अंतर झेपत नाही म्हणून नव्हेत. ते झेपत नाही असं समजणारे लोक जगभर होते. 1984 च्या लॉस एंजेलिसपर्यंत ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉनच नव्हती. पुढे 2007 मध्ये पॉला रॅडक्लिफने जानेवारीत मुलीला जन्म दिला आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. ती व्यावसायिक धावपटू, तिच्या दिमतीला माणसं होती. तिच्या दहा महिन्यांशी आपले दहा महिने ताडून बघायचे नाहीत.

घराचा तक्ता

आता खरं काम. आठवड्यातले चार दिवस धावणं, दोन दिवस घरीच वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम, एक दिवस पूर्ण सुट्टी. यातले तीन दिवस चाळीस मिनिटांचे असतात, ते कुठेही बसवता येतात: पहाटे मुलं उठायच्या आत, मुलगी नृत्याच्या क्लासला असताना त्याच गल्लीत, ऑफिसातून येताना एक स्टेशन आधी उतरून. प्रश्न रविवारचा आहे. लाँग रन म्हणजे दोन तासांपासून चार तासांपर्यंत तुम्ही घरात नाही, आणि परत आल्यावर आणखी दोन तास फारशा कामाच्या नाही.

यासाठी घरच्यांची 'मदत' मागू नका. मदत मागितली की सकाळी सात वाजता येऊर फाट्यावर फोन येतो: 'अगं, साखर कुठे ठेवलीयस?' जबाबदारी द्या. शनिवारी रात्री पाच मिनिटं बसून ठरवायचं की उद्या सकाळी नऊपर्यंत हे घर त्यांचं. दूध घेणं, मुलांना उठवणं, नाश्ता, क्रिकेटच्या कोचिंगला सोडणं, सासूबाईंची सकाळची गोळी. आमच्याकडे ही यादी फ्रीजवर चिकटवलेली होती. काही महिन्यांनी ती कुणी बघेनासं झालं, कारण पाठ झाली. नाश्ता काय करायचा हे मात्र यादीत लिहू नका. रविवारी मुलांनी बिस्किटं खाल्ली तरी आकाश कोसळत नाही, आणि 'पोहे भिजवून ठेवलेत, फक्त फोडणी द्या' असं लिहून गेलात तर तुम्ही घरीच आहात असं समजा.

ज्या घरात दुसरं मोठं माणूस नाही, किंवा आहे पण फिरतीवर असतं, तिथे दोन-तीन धावणाऱ्या आयांनी मिळून वाटून घ्यावं. एका रविवारी एकीकडे सगळी मुलं, दुसऱ्या रविवारी दुसरीकडे. सोसायटीभोवतीच फेऱ्या मारून 20 किलोमीटर करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कंटाळवाणं असतं, पण होतं.

झोपेचा एक नियम मी कडक पाळते. मुलाला रात्री ताप होता आणि झोप पाच तासांच्या आत झाली, तर त्या दिवशी धावणं रद्द. राहिलेला रन दुसऱ्या दिवशीच्या रनला जोडायचा नाही. तो गेला, विसरायचा.

वीस आठवड्यांचा चढ

या टप्प्याला येईपर्यंत 12 किलोमीटर आरामात धावता यायला हवं. आरामात म्हणजे धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द सुटा सुटा बाहेर पडत असेल तर वेग जास्त आहे. आठवड्यातलं बहुतेक सगळं धावणं याच बोलता येईल अशा वेगाने करायचं. फक्त एक दिवस, गुरुवार म्हणा, चढ घ्या: येऊरचा रस्ता, एखादा उड्डाणपूल, टेकडी, चढताना जोर, उतरताना सावकाश. शर्यतीत पेडर रोडच्या चढाला त्याचा उपयोग होतो.

लाँग रन ऑगस्टअखेर 14 किलोमीटरने सुरू करा. गणपतीच्या दिवसांत तो 10 वर आणा. पाच दिवसांचा गणपती असेल तर गौरीजेवणाच्या आदल्या रात्रीपासून तुम्ही उभ्याच असता, पायांना तेही धावणंच आहे. नवरात्राआधी 18. नवरात्रात पुन्हा कमी. सहामाही आणि दिवाळी यांच्या मधल्या पट्ट्यात 21. दिवाळीच्या आठवड्यात 12, नाहीतर तेही नाही. फराळाचं सगळं घरी करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी चकल्या विकत आणते. दिवाळीनंतरचे सात आठवडे खरे मोलाचे: 24, 26, मग मुद्दाम 18, मग 28, 30, पुन्हा 20, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारच्या आसपास 32. त्यानंतर उतरत यायचं. तक्त्यांमध्ये दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला हलका आठवडा असतोच. आपण तो सणावर नेऊन ठेवायचा, एवढीच युक्ती.

सावकाश धावणाऱ्यांसाठी एक पोटनियम. किलोमीटरला 8 मिनिटं लागत असतील तर 32 किलोमीटरला सव्वाचार तास होतात. सरावात इतका वेळ पायांवर राहिल्याने फायदा कमी आणि दुखापत जास्त. मी चार तासांवर थांबायला सांगेन, अंतर 30 झालं असो की 29. शर्यतीच्या दिवशी उरलेलं अंतर होतं.

न थांबता धावलंच पाहिजे असंही नाही. चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला, पहिल्या किलोमीटरपासून. अमेरिकेतल्या जेफ गॅलोवे या प्रशिक्षकाने ही पद्धत रुळवली आणि हजारो लोक तिने मॅरेथॉन पूर्ण करतात. दमल्यावर चालणं आणि दमायच्या आत चालणं यात फार फरक आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तर हेच करावं.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. भिंतीला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर मग एकेका, सेतुबंधासन, स्क्वॉट, जिना एकेक पायरी सावकाश उतरणं, प्लँक. टीव्ही बघताना करा. पोटऱ्या आणि नितंब कमजोर असले की पंचविसाव्या किलोमीटरनंतर सगळा भार गुडघ्यावर येतो.

उपासांचं काय? बंद करा असं मी म्हणणार नाही, माझंही नवरात्र असतं. पण निर्जळी उपास आणि लाँग रन एका दिवशी नको, आणि उपासाच्या आदल्या दिवशीही नको, कारण धावून रिकामं झालेलं शरीर दुसऱ्या दिवशी भरायचं असतं. साबुदाण्यात पिष्ट भरपूर पण प्रथिनं जवळपास नाहीतच. दाण्याचं कूट, दूध, दही, राजगिरा सोबत हवा. पाळी अनियमित झाली, दोन-तीन महिने आलीच नाही, पायाच्या नळीत एकाच ठिकाणी सतत दुखतंय, तर धावणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं असा त्याचा अर्थ असू शकतो. डॉक्टरकडे जा. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या बाईला हा धोका जास्त असतो. रविवारी धावून आल्यावर तुमचं ताट आधी वाढलं जावं.

बूट, कपडे, पहाटेचे रस्ते

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. 500 ते 800 किलोमीटर झाले की तळ बसतो. बुटांपेक्षाही आधी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्या आणि माप नव्याने काढा, बाळंतपणानंतर ते बदललेलं असतं. बाकी कपड्यांची चिंता नको. बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आलेल्या लता भगवान करे महाराष्ट्राला माहीत आहेत. त्यांच्या नावाच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं. त्या नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी धावल्या होत्या. आपल्यावर तशी वेळ नाही तर बूट घालूनच धावावं.

जिथे जिथे घासतं तिथे व्हॅसलीन: काखेत, मांड्यांमध्ये, ब्राच्या खालच्या पट्टीवर. लाँग रन पाळीत आला तर पॅड घासून सोलपटतं. कप किंवा टॅम्पॉन वापरायचं असेल तर दोन-तीन छोट्या रनना आधी सवय करून घ्या, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको.

पहाटे साडेचारला एकटीने अंधाऱ्या रस्त्यावर जाऊ नका. गट शोधा, जवळपास प्रत्येक शहरात आता आहेत. गट नसेल तर वॉचमन जागे असतात अशा सोसायट्यांच्या रस्त्याने फेऱ्या मारा. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावा, आणि कानात काही घालू नका. कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं, हात खाली, हळू चालत पुढे. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. पावसात भिजलेले बूट उन्हात वाळवू नका, आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा. थंडीत हवा खराब असते त्या दिवशी, म्हणजे मोबाइलवर निर्देशांक 200 च्या वर दिसला की, मोठा रन पुढे ढकला.

धावताना काय खायचं

साठलेली साखर साधारण 30 किलोमीटरपर्यंत पुरते. पुढे पाय ऐकत नाहीत, डोकं मंद होतं, उगाच रडू येतं. यालाच धावणारे 'भिंत' म्हणतात. ती टाळायला दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि पहिल्या तासापासूनच. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. एका मध्यम केळ्यात 20 ते 25 ग्रॅम, एका जेलमध्येही तेवढीच. बिया काढलेला खजूर, गुळाचे छोटे खडे, गूळ-लिंबू-मिठाचं पाणी, सगळं चालतं. शेंगदाण्याची चिक्की आपल्याला ओळखीची वाटते पण तोंड कोरडं असताना ती चावत नाही, कण घशात जातात आणि स्निग्धतेमुळे उशिरा पचते. जे काही घ्याल ते तीन-चार लाँग रनमध्ये पोटावर तपासून घ्या.

पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक टेबलावर पेला रिकामा करायचाच असा नियम करू नका. साध्या पाण्याने पोट भरलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. बोटं सुजणं, डोकं दुखणं, मळमळ ही त्याची चिन्हं, आणि हे पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं आहे. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. रंगीत खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

सावकाश धावणाऱ्या बाईला आणखी एक तयारी लागते, जी जलद धावणाऱ्याला लागत नाही. जलद धावणारे ऊन चढायच्या आत शर्यत संपवतात; आपण दहा-साडेदहापर्यंत उन्हात असतो. म्हणून डिसेंबरातले एक-दोन लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू करा, शेवटचा तास उन्हात येईल असे.

संक्रांत आणि शर्यत

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करायचं: 32 नंतर 22, मग 14, मग शर्यत. या दिवसांत नसलेली दुखणी जाणवतात, सर्दी झाल्यासारखं वाटतं. नवीन व्यायाम, नवीन बूट, घराची साफसफाई यांतलं काही काढू नका.

14 किंवा 15 जानेवारीला संक्रांत, आणि शर्यत त्यानंतरच्या आठवड्याभरात. गुळाची पोळी, तिळगूळ, वरणभात, सगळं या दिवसांत उपयोगाचं, कारण शेवटचे दोन-तीन दिवस पिष्ट वाढवायचंच असतं. पोळीवर तूप जरा कमी घ्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी उसळ, कोशिंबीर, मसालेदार रस्सा नको. पोट रिकामं होण्याच्या वेळा बिघडतात आणि रस्त्यावरच्या फिरत्या शौचालयांपुढे रांगा असतात. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं. ते शर्यतीनंतर ठेवा आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. दुसऱ्यांकडेही शुक्रवार-शनिवारी जाऊ नका, दारोदारी जिने चढून पाय जातात.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आणायला वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) गुरुवारी किंवा शुक्रवारी जा, आणि मुलांना घेऊन प्रदर्शनात तासन्‌तास हिंडू नका. शनिवारी रात्री बिब टीशर्टला टाचून, पिना तपासून, सगळं एका खुर्चीवर मांडून ठेवा. झोप लागली नाही तरी घाबरू नका. शुक्रवारची झोप महत्त्वाची असते. त्या पहाटे बहुतेक वर्षी रेल्वे विशेष लोकल सोडते, वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. निघण्याआधी नेहमीचं, सवयीचं खाणं, सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी.

पहिले 10 किलोमीटर तुम्हाला वाटेल आपण फार हळू चाललोय. तसंच वाटलं पाहिजे. गर्दी, ढोल, दिवे यांनी माणूस किलोमीटरला अर्धा मिनिट पुढे पळतो आणि त्याची वसुली नंतर होते. ठरावीक वेळेचा झेंडा घेऊन धावणाऱ्या पेसरमागे घोळका असतो, त्याला धावणारे 'बस' म्हणतात. आपल्या वेळेची बस पकडा, पण दम लागला तर बिनधास्त सोडा. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, तिथे वारा असतो आणि लोक फोटोला थांबतात. कडेला होऊन थांबा. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो. तो चालत चढा. त्यावर वेग लावून जे मिनिट वाचतं ते मरीन ड्राइव्हच्या उन्हात दुप्पट जातं.

मुलांना उभं करायचं तर मरीन ड्राइव्हवर चर्चगेटच्या बाजूला, लोकलने येऊन लगेच परत जाता येतं. अंदाजे वेळेत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून सांगा आणि ते कुठल्या बाजूला, कशाजवळ उभे राहणार ते आधीच ठरवा. ऐन वेळी गर्दीत फोन लागेलच असं नाही. त्यांच्या हातात पाण्याची बाटली नको, पाणी सगळीकडे असतं. खारवलेलं लिंबू किंवा कोरडे मोजे द्या, त्यांना काम मिळाल्यासारखं वाटतं आणि तुम्हालाही ते लागतात.

छातीत दुखलं, गरगरलं, घाम येणं थांबलं, तर थांबा आणि वैद्यकीय तंबू गाठा. अंतर पुढच्या वर्षीही तेवढंच असतं. दुखू नये म्हणून आधीच पेनकिलर घेऊन धावू नका, घामाने आटलेल्या शरीरात त्याने मूत्रपिंडांवर ताण येतो.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, तासाभरात जेवणासारखं काहीतरी खा. लघवी चहासारखी गडद झाली आणि पाणी पिऊनही तशीच राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर. सोमवारी जिना उलट्या पावलांनी उतरावा लागेल, मुलांना गंमत वाटेल. दोन आठवडे धावणं नाही, चालणं आणि पोहणं चालेल. एकच काळजी घ्या: शर्यत झाली म्हणून रविवारची यादी फ्रीजवरून काढू नका. त्या दोन रविवारी सकाळी नऊपर्यंत झोपा, आणि साखर कुठे आहे ते कुणी विचारलं तर कूस बदला.